घर विकताना सोसायटीला किती द्यायचे?

फ्लॅटचा सौदा ठरतो. टोकनचे पैसे दिले-घेतले जातात, मिठाईचा तुकडा तोंडात पडतो आणि एजंट उठता उठता एक वाक्य हमखास बोलतो, "बाकी सोसायटीचे काय ते तुम्ही बघून घ्या." हे "काय ते" म्हणजे नेमके किती, हे मात्र कोणी सांगत नाही. एका इमारतीत ते पन्नास हजार असते, शेजारच्या इमारतीत लाखभर. कुठे किमतीवर टक्केवारी लावतात, तर कुठे चौरस फुटाचा भाव. विकणारा आणि घेणारा दोघेही ती रक्कम सरकारी कर समजून हिशेबात धरतात, निम्मी-निम्मी वाटून घेतात आणि मुकाट्याने भरतात.

या महिन्यात हा विषय घेण्याचे कारण म्हणजे एका भगिनीचे पत्र. त्यांचे पती अल्लाहला प्यारे झाले. हयातीत त्यांनी सोसायटीच्या कागदावर नॉमिनी म्हणून पत्नीचेच नाव लिहून ठेवले होते. इद्दत संपल्यावर त्या फ्लॅट आपल्या नावावर करण्यासाठी सेक्रेटरींकडे गेल्या. उत्तर मिळाले, "आपल्या बिल्डिंगचा रूल आहे. नाव बदलायचे तर एक लाख डोनेशन. सगळ्यांनीच दिले आहे." मुलगा दहावीला आहे, पगार थांबला आहे. पाटल्या मोडून पैसे भरावेत असा त्यांचा विचार चालला आहे. त्यांनी विचारले आहे, "हे पैसे द्यावेच लागतात का?"

त्यांना आम्ही लगेच कळवले, "नाही, बाजी. पाटल्या मोडू नका." पण हे उत्तर एकट्या त्यांच्यापुरते नाही. आपल्यापैकी हजारो कुटुंबे आज सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहतात. कुणाला मुलीच्या लग्नासाठी, कुणाला गावी परतण्यासाठी, कुणाला मोठ्या घरासाठी आज ना उद्या फ्लॅट विकावा लागणार आहे. तेव्हा वर्गात फळ्यावर गणित मांडावे तसा हा हिशेब एकदा नीट मांडून घेऊ.

सोसायटीला मुळात पैसे का द्यायचे?

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील घर ही एका अर्थाने सामायिक मालमत्ता असते. जमीन आणि इमारत संस्थेची, म्हणजे सर्व सभासदांची मिळून. आपल्या हाती असतात संस्थेचे शेअर आणि त्या शेअरबरोबर येणारा आपल्या फ्लॅटचा हक्क. घरोघरी कपाटात जपून ठेवलेले ते शेअर सर्टिफिकेट म्हणूनच महत्त्वाचे.

त्यामुळे घर विकताना दोन कामे होतात. पहिले काम दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. तिथे करारनाम्याची नोंदणी होते आणि स्टॅम्प ड्युटी सरकारकडे जाते. दुसरे काम सोसायटीच्या दप्तरात होते. जुन्या सभासदाचे नाव कमी होऊन नव्याचे लागते आणि शेअर सर्टिफिकेटच्या मागे तशी नोंद होते. या दुसऱ्या कामासाठी सोसायटी काही रक्कम घेऊ शकते. इथपर्यंत सगळे योग्य आहे. प्रश्न आहे तो किती घ्यायची याचा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू. गृहनिर्माणाचा सहकार आपल्याकडे रुजला तोच घरमालकाच्या मर्जीतून सामान्य माणसाची सुटका व्हावी म्हणून. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत मंडळींनी पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. आज राज्यात अशा संस्थांची संख्या लाखाच्या पुढे आहे. चार माणसांनी मिळून, नफा न कमावता, आपल्या डोक्यावरचे छप्पर आपणच सांभाळायचे हा त्यामागचा विचार. त्याच संस्थेची कमिटी सभासदाच्या अडचणीच्या वेळी दाराशी उभी राहून हिस्सा मागू लागली, तर घरमालक गेला आणि त्याच्या जागी नऊ-दहा घरमालक आले, एवढाच फरक.

कायद्याचा हिशेब

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा आहे. त्याखाली आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम आहेत. फ्लॅट दुसऱ्याच्या नावे होताना सोसायटीने काय घ्यावे, हे त्यांत स्पष्ट लिहिले आहे:

हस्तांतर फी ५०० रुपये.
नव्या सभासदाची प्रवेश फी १०० रुपये.
याशिवाय प्रीमियम, म्हणजे अधिमूल्य.

घोळ होतो तो या तिसऱ्या रकमेवर. प्रीमियम किती घ्यायचा हे सोसायटीची सर्वसाधारण सभा ठरवते. पण तिला वाटेल तेवढा आकडा ठरवता येत नाही. राज्य सरकारने ९ ऑगस्ट २००१ रोजी त्यावर कमाल मर्यादा घालून दिली आहे:

महानगरपालिका व प्राधिकरणाचे क्षेत्र: २५,००० रुपये
'अ' वर्ग नगरपालिका: २०,००० रुपये
'ब' वर्ग नगरपालिका: १५,००० रुपये
'क' वर्ग नगरपालिका: १०,००० रुपये
ग्रामपंचायत: ५,००० रुपये

हे आकडे म्हणजे कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. सर्वसाधारण सभेने प्रीमियम दहा हजारच ठरवला असेल तर कमिटीला दहाच हजार घेता येतील. आणि सभेने दोन लाखांचा ठराव एकमताने केला, टाळ्या वाजवून केला, तरी शहरातल्या सोसायटीला पंचवीस हजारांच्या वर एक रुपया घेता येत नाही. बहुमताने कायदा बदलत नाही.

आता फळ्यावरचे गणित. समजा, महानगरपालिकेच्या हद्दीतला एक फ्लॅट चाळीस लाखांना विकला. कमिटी म्हणते, "दोन टक्के बिल्डिंग फंड." म्हणजे ८०,००० रुपये. कायद्याने जास्तीत जास्त देणे किती? प्रीमियम २५,०००, हस्तांतर फी ५००, प्रवेश फी १००. एकूण २५,६०० रुपये. फरक ५४,४०० रुपयांचा. अनेक घरांत एवढ्या पैशात मुलाची वर्षभराची फी निघते. शिवाय फ्लॅट चाळीस लाखांचा असो की चार कोटींचा, मर्यादा तीच राहते, कारण ती किमतीवर अवलंबून नाही. त्यामुळे टक्केवारी किंवा चौरस फुटाचा भाव लावून मर्यादेच्या वरची रक्कम मागितली, तर ती मागणीच नियमाबाहेरची.

मेंटेनन्सची थकबाकी असेल तर ती मात्र वेगळी. ती चुकती करणे सभासदाचे कर्तव्यच आहे आणि सोसायटीने ती मागण्यात काही चूक नाही.

ज्यांच्याकडून प्रीमियम घेताच येत नाही

वर लिहिलेल्या भगिनीचा प्रश्न इथे सुटतो. घर कुटुंबातल्याच व्यक्तीच्या नावे होत असेल, सभासदाच्या निधनानंतर नॉमिनीच्या किंवा वारसाच्या नावे होत असेल, किंवा दोन सभासद आपसांत फ्लॅटची अदलाबदल करत असतील, तर प्रीमियम लागू होत नाही. पंचवीस हजार नाही, पाच हजारही नाही. द्यायची ती ५०० आणि १०० रुपयांची किरकोळ फी. उपविधींतली 'कुटुंब' या शब्दाची व्याख्याही पुरेशी ऐसपैस आहे. पती-पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, सून-जावई, नातवंडे हे सगळे तिच्यात येतात.

हा मुद्दा आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण घरातल्या घरात मालमत्ता देण्या-घेण्याचे प्रसंग आपल्याकडे बरेच येतात. वडील हयातीतच मुलीला किंवा मुलाला घर हिबा करतात. शरियतनुसार तोंडी हिबाही होतो, पण सोसायटीच्या दप्तरात नाव लावायचे तर नोंदणी केलेले बक्षीसपत्र हाती असलेले बरे. राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. नोंदणी फी आणि स्थानिक आकार वेगळे. भाऊ-बहिणीला मात्र मुद्रांक शुल्काची ही सवलत नाही. अशा बक्षीसपत्रावर सोसायटीने प्रीमियम मागितला तर तो द्यायचा नाही.

आणखी एक गोष्ट. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, एवढ्यासाठी ते नाव असते. घरातला हिस्सा वारसांचा असतो आणि तो वारसा हक्काप्रमाणेच वाटला जातो. नॉमिनी त्या हिश्शांचा अमानतदार. आईचे नाव लागले म्हणून मुलीचा हिस्सा बुडत नाही, थोरल्या भावाचे नाव लागले म्हणून बहिणी बेदखल होत नाहीत. नॉमिनीने सभासदाच्या निधनानंतर सहा महिन्यांच्या आत मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज करायचा असतो. नॉमिनी लिहिलेलाच नसेल तर सोसायटी जाहीर सूचना देऊन वारसांचे दावे मागवते, हमीपत्र घेते. त्यात वेळ जातो, जाहिरातीचा खर्चही होतो. म्हणून हे वाचून झाल्यावर आपल्या घरचा नॉमिनेशनचा अर्ज भरलेला आहे की नाही, तेवढे आजच पाहून घ्यावे.

"ही फी नाही, देणगी आहे"

कमिटीलाही पंचवीस हजारांची मर्यादा ठाऊक असते. म्हणूनच जादा रकमेला प्रीमियम म्हणत नाहीत. तिला नावे दिली जातात: डोनेशन, बिल्डिंग फंड, वेल्फेअर फंड, लिफ्ट फंड, शिफ्टिंग चार्ज. वर एक छापील पत्र पुढे करतात, "मी ही रक्कम स्वखुशीने देत आहे," आणि सही घेतात.

उपविधींनी ही वाटही बंद केली आहे. विकणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून देणगी म्हणून, कोणत्याही निधीला वर्गणी म्हणून किंवा अन्य कोणत्याही सबबीखाली जादा रक्कम घेऊ नये, असे त्यांत सरळ म्हटले आहे. सोसायटीला ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे हस्तांतराचे पैसे घेता येणार नाहीत, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये दिला आहे.

तरीही लोक पैसे देतात. का देतात? कारण अडवणूक एका कागदावर होते. तो कागद म्हणजे एनओसी, ना हरकत प्रमाणपत्र. घेणाऱ्याला बँकेचे कर्ज हवे असते आणि बँक सोसायटीची एनओसी आणायला सांगते. करारात तारीख लिहिलेली असते. विकणाऱ्याने त्याच भरवशावर दुसरीकडे बयाणा दिलेला असतो. दिवस भरत येतात आणि सेक्रेटरी सांगतात, "मीटिंग झाली नाही अजून." दोन फेऱ्या झाल्या की माणूस स्वतःच विचारतो, "किती द्यायचे?"

खरे म्हणजे शेअर आणि फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी सोसायटीच्या एनओसीची गरज नाही, असे आदर्श उपविधींत लिहिले आहे. सभासदाला अन्य कारणासाठी, जसे बँकेसाठी, ती हवी असेल तर त्याने अर्ज करावा आणि कमिटीने एक महिन्याच्या आत त्याचा विचार करावा. म्हणजे एनओसी ही कमिटीची मेहेरबानी नाही आणि सौद्याची किल्लीही नाही.

मग खुशीची देणगी कोणती आणि जबरदस्तीची कोणती? आम्हाला एक सोपी परीक्षा सुचते. नाव लागल्यावर, शेअर सर्टिफिकेट हाती पडल्यावर, कुणी न मागता जी दिली जाते ती देणगी. जी दिल्याशिवाय कागद हलत नाही, ती देणगी नाही. मग पावतीवर काहीही छापलेले असो.

आपल्या वाचकांत सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार असलेले बंधू पुष्कळ आहेत. विनावेतन हे काम करतात, रात्री-अपरात्री पाण्याचा पंप बघायला धावतात. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच आम्ही हे लिहितो. पण माणसाच्या अडचणीचा फायदा घेऊन, त्याच्या मनाविरुद्ध काढलेला पैसा आपल्यासाठी कसा आहे, हे आम्ही सांगायला नको. तो कुणाच्या खिशात गेला नाही, इमारतीच्या रंगाला लागला किंवा एखाद्या नेक कामाला दिला, म्हणून तो पाक होत नाही. चांगल्या कामासाठी मागा, दारोदार मागा, जुम्यानंतर उभे राहून मागा. पण हातात कुणाचा कागद अडकवून मागू नका.

सोसायटीने पैसे आणायचे कुठून?

कमिटीची बाजूही ऐकली पाहिजे. इमारत जुनी झाली आहे, गच्ची गळते, लिफ्ट बंद पडते, टाकीला तडे गेले आहेत. दरमहाच्या मेंटेनन्समध्ये हे भागत नाही. सभासद वर्गणी वाढवू देत नाहीत. मग फ्लॅट विकला गेला की एकरकमी पैसे मिळतात, तेवढाच आधार. ही अडचण खरी आहे.

पण यातला न्याय तपासून पाहू. लिफ्ट दुरुस्त झाली तर ती वापरणार कोण? सोडून जाणारा नाही, कारण तो चालला. आणि नव्याने येणारा तर त्या इमारतीत एक दिवसही राहिलेला नाही. वीस घरे लिफ्ट वापरणार आणि तिचा खर्च एका जाणाऱ्या-येणाऱ्या कुटुंबाच्या माथी! शिवाय हा आधारही भरवशाचा नाही. वर्षभर एकही फ्लॅट विकला गेला नाही तर गच्ची गळतच राहणार का?

नियमांत यासाठी सरळ मार्ग आहेत. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी, आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड सर्व सभासदांकडून जमा करायचा असतो. मोठी दुरुस्ती निघाली तर अंदाजपत्रक मांडून, सर्वसाधारण सभेत ठराव करून, सर्वांकडून वर्गणी घेता येते. यात दर महिन्याला दोन-चारशे रुपये जास्त जातात खरे. पण मग कुणा विधवेला पाटल्या मोडाव्या लागत नाहीत. मेंटेनन्स वाढवण्याला सभेत हात वर करून विरोध करणारे आणि "डोनेशन जास्त घ्या" म्हणणारे बहुधा एकच असतात. आज जो आनंदाने दुसऱ्यावर एक लाख लावतो, तो उद्या स्वतःचा फ्लॅट विकताना त्याच खुर्चीसमोर उभा असतो.

प्रत्यक्षात काय करायचे?

पहिले, सौदा करण्यापूर्वीच सोसायटीचे मंजूर उपविधी आणि प्रीमियम ठरवणारा सर्वसाधारण सभेचा ठराव पाहून घ्या. "आपल्याकडे असेच चालते" याला ठराव म्हणत नाहीत.

दुसरे, सगळे लेखी करा. घर हस्तांतरित करायचे आहे अशी १५ दिवसांची सूचना, सोबत घेणाऱ्याचे संमतीपत्र, मग ठरलेल्या नमुन्यातले अर्ज. प्रत्येक कागदाची पोच, तारीख आणि शिक्क्यासह घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

तिसरे, जादा पैसे मागितले तर भांडू नका. नम्रपणे म्हणा, "साहेब, मागणी लेटरहेडवर लिहून द्या, कोणत्या उपविधीखाली तेही लिहा." आमचा अनुभव असा की इतके म्हटल्यावर निम्मी मागणी तिथेच विरघळते.

चौथे, रोख देऊ नका. चेकने किंवा बँकेतून द्या आणि कोणत्या खाती दिले याची पावती घ्या. वेळेअभावी द्यावेच लागले तर "स्वखुशीने" या पत्रावर सही करू नका. "आपल्या मागणीवरून, हरकत नोंदवून ही रक्कम देत आहे," असे पत्र देऊन त्याची पोच घ्या. पुढे परतावा मागताना हाच कागद उपयोगी पडतो.

पाचवे, अर्ज दाबून ठेवला तर घाबरू नका. सभासदत्वाच्या अर्जावरचा निर्णय सोसायटीने तीन महिन्यांच्या आत कळवायचा असतो. कळवला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचे मानण्याची तरतूद सहकार कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. नकार दिला तर कलम २३ खाली निबंधकाकडे दोन महिन्यांत अपील करता येते. मुंबईत वॉर्डनिहाय उपनिबंधक आहेत, इतरत्र बहुधा तालुक्याच्या ठिकाणी सहायक निबंधकांचे कार्यालय असते. जादा घेतलेली रक्कम परत मिळवण्याचा वाद सहकार न्यायालयात नेता येतो.

इथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. कधी कधी भरमसाट आकडा सांगण्यामागे पैसे हा हेतूच नसतो. घेणाऱ्याचे नाव ऐकून आकडा वाढतो, म्हणजे तो आपणहून मागे फिरावा. सर्वांसाठी खुल्या असलेल्या सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, हे कलम २३ च सांगते. अशा वेळी तोंडी चर्चेत वेळ घालवू नका, अर्ज द्या आणि लेखी उत्तर मागा. पण आपण हा न्याय दुसऱ्यांकडे मागतो, तेव्हा आपल्या इमारतीत येणाऱ्यालाही तोच मिळतो ना, हेही आपण पाहिले पाहिजे.

सोसायटीच नसेल तर?

आपल्या वस्त्यांत अशा इमारती कमी नाहीत, जिथे लोक पंधरा-वीस वर्षे राहत आहेत, पण सोसायटीची नोंदणीच झालेली नाही. तिथे फ्लॅट विकला की बिल्डर किंवा त्याचा माणूस "ट्रान्सफर"चे पैसे घेतो. त्याला मर्यादा नाही, पावती नाही आणि दाद मागायला उपविधीही नाहीत. यावर इलाज एकच, सोसायटी नोंदवून घेणे. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर फ्लॅटधारकांना स्वतः पुढे होऊन, त्याच्या सहकार्याशिवायही नोंदणीसाठी निबंधकाकडे अर्ज करता येतो. त्यानंतर जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय कायद्यात आहे. काम खटपटीचे आहे. पण इमारतीत चार शिकलेली मुले-मुली असतील तर अशक्य नाही. कागद वाचता येणे आणि अर्ज लिहिता येणे याचा शिक्षणाइतकाच उपयोग घराला व्हायला हवा.

बहुतेक भगिनींना सोसायटीची मीटिंग म्हणजे पुरुषांचे काम वाटते. फ्लॅट ज्यांच्या नावावर आहे त्या भगिनी स्वतः सभासद आहेत, त्यांनी सभेला जावे, बोलावे, मत द्यावे. घर विकण्याची किंवा नावावर करण्याची वेळ येते तेव्हा सेक्रेटरीसमोर पुष्कळदा त्यांनाच उभे राहावे लागते.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. या वर्षीच्या सभेपूर्वी कमिटीला चार ओळींचे पत्र द्या. आपल्या सोसायटीचा प्रीमियम किती, कोणत्या तारखेच्या ठरावाने ठरला, आणि नॉमिनी, वारस व कुटुंबीयांकडून तो घेतला जात नाही ना, हे तीन प्रश्न विचारा. मिळालेले उत्तर मोठ्या अक्षरांत लिहून खाली नोटीस बोर्डवर लावायला सांगा. पाण्याच्या वेळा जिथे लावतात, तिथेच त्याच्या शेजारी. मग कोणत्याही एजंटला "सोसायटीचे काय ते" म्हणावे लागणार नाही. आकडा भिंतीवर लिहिलेला असेल.